आज काय शिकवलं, ते सांग

(संघाच्या वार्षिक सर्वसाधारण सभेत आपल्या क्षेत्र समन्वयक ताईंनी केलेलं भाषण. सभेला येऊ न शकलेल्या सदस्यांसाठी इथं देत आहोत. गटाच्या मासिक बैठकीत कुणीतरी मोठ्यानं वाचून दाखवावं.)



मला विषय दिलाय 'मोबाइल आणि शिक्षण'. अध्यक्षताईंनी विषय सांगितला तेव्हा मागच्या रांगेतून एक आवाज आला, तो मी ऐकलाय बरं का. "आता हिचं बी ॲप आलं वाटतं." हसताय काय, खरंच बोलल्या त्या. आम्ही समन्वयक तुमच्या मोबाइलवर काय पाठवतो? लिंक पाठवतो. 'सर्व सदस्यांनी आजच भरावे' असं लिहितो आणि खाली जोडलेले हात टाकतो. तुम्ही पोराला म्हणता, "बघ रं, ताईनं काय धाडलंय." पोरगं भरून टाकतं. आमचं टार्गेट पूर्ण, तुमचं काम पूर्ण. यात कुणी काही शिकलं का? मीही नाही आणि तुम्हीही नाही. तर आज मी कुठलं ॲप घेऊन आलेले नाही. एकदोन नावं ओघात येतील, पण मला बोलायचंय ते वेगळं.

दसरा तोंडावर आलाय. दसरा झाला की टोळ्या निघायला लागतील. इथं बसलेल्या बायांपैकी यंदा उसाला जाणाऱ्या किती? जरा हात वर करा. बघा, निम्म्याहून जास्त हात आहेत. म्हणजे आपल्या गटांच्या निम्म्या बाया आता चार-पाच महिने कारखान्याच्या भागात असणार. बैठका होणार नाहीत, मी तुम्हाला भेटणार नाही. तुमची लेकरं एकतर तुमच्यासोबत कोपीवर असतील, नाहीतर इथं आजीजवळ, नाहीतर हंगामी वसतिगृहात. या सगळ्या काळात तुमच्याजवळ एकच वस्तू अशी असणार आहे जी या गावाला, शाळेला आणि लेकराला जोडून ठेवते. ती तुमच्या कमरेच्या पिशवीत आहे. कुणाची नवऱ्याच्या खिशात आहे, त्याचंही बोलू.

आधी माझ्या आईची गोष्ट सांगते. माझे आई-वडील सतरा हंगाम उसाला गेले. मी आणि माझी बहीण आजीपाशी राहायचो. मी तिसरी-चौथीत असेन, तेव्हा घरात फोन नव्हता. मुकादमाकडं एक बटणाचा फोन होता आणि गावात आमच्या शेजारी किराणा दुकानदाराकडं एक होता. रविवारी संध्याकाळी आई मुकादमाच्या फोनवरून दुकानात फोन करायची. दुकानदार गल्लीत येऊन हाक मारायचे आणि मी पळत सुटायचे.

आई काय विचारायची? जेवलीस का, आजीला त्रास देत नाहीस ना, हे तर होतंच. पण त्यानंतर न चुकता एक वाक्य यायचं. "आज काय शिकवलं, ते सांग." रविवारी कुठली शाळा? पण आईला ते चालायचं नाही. शनिवारचं सांग म्हणायची. माझी आई एक दिवस शाळेत गेलेली नाही. मी काय सांगते ते खरं की खोटं, हे तिला कळायला मार्ग नव्हता. पहिल्या-दुसऱ्या वेळी मी थापा मारल्या. तर ती म्हणायची, "नीट कळलं नाही, पुन्हा सांग." पुन्हा सांगताना थाप दुसरीच निघायची आणि ती बरोबर पकडायची. मग मला कळलं, रविवारी सांगायला काहीतरी लागतंय. म्हणून शनिवारी मी वर्गात कान देऊन बसायला लागले.

एकदा मी तिला सांगितलं, भागाकार शिकवला. तर म्हणाली, "म्हंजी काय करायचं असतंय त्यात?" मी म्हटलं, समज, बारा भाकरी आहेत आणि माणसं चार आहेत. "मंग तीन-तीन येत्याल की." मी म्हटलं, अगं तुला येतोय की भागाकार! तर म्हणाली, "मला भाकरी येत्यात. भागाकार तुझा तू शीक."

त्या फोनला कॅमेरा नव्हता, नेट नव्हतं, काही नव्हतं. तरी माझ्या शिक्षणात त्या फोनचा जेवढा हात आहे, तेवढा नंतरच्या कुठल्याच फोनचा नाही. एम.एस.डब्ल्यू. करून आल्यावर मी हे बोलतेय. तेव्हा 'आमच्याकडं टचचा फोन नाही, मग आमचं काय' असं ज्या बाया मनात म्हणतायत, त्यांनी उठून जाऊ नका. तुमचंच आधी बोलतेय.

यंदा एवढं करून बघा. लेकरू घरी असेल तर रोज नाही जमलं, एक दिवसाआड फोन लावा. विचारायचं, आज काय शिकवलं. आणि मराठीच्या पुस्तकातलं एक पान फोनवर मोठ्यानं वाचायला लावायचं. फक्त एक पान. तुम्हाला वाचता येत नसलं तरी चालतं, ऐकता तर येतं! लेकरू अडखळलं की कळतं. मधलं खाल्लं तरी कळतं, कारण गोष्ट तुटते. तुटली की म्हणायचं, "पुन्हा सांग, कळलं नाही." मोळ्या बांधता बांधता फोन कानाला लावून हे होत नाही, मला माहितीय. पहाटे तीनला उठणारी बाई संध्याकाळी किती थकते तेही मी घरात बघितलंय. पण चुलीपुढं बसल्यावर दहा मिनिटं फोन स्पीकरवर टाकला तर शेजारच्या कोपीतली बाईही ऐकेल. तिच्या लेकराला तिनं लावावा, तुम्ही ऐका.

आता दुसरी गोष्ट. ही सांगायची का नाही, असा दोन दिवस विचार करत होते. बहिणीला फोन करून विचारलं. ती म्हणाली, सांग.

२०२० च्या मार्चमध्ये शाळा-कॉलेजं बंद झाली. जूनपासून 'ऑनलाइन' सुरू झालं. मी तेव्हा बी.एस.डब्ल्यू.च्या शेवटच्या टप्प्यात होते आणि माझी बहीण नववीत गेली होती. घरात टचचा फोन एकच, वडिलांनी उचलीच्या पैशातून घेतलेला. माझा तास सकाळी अकराला आणि तिचाही त्याच सुमाराला. घरात ठरलं की थोरलीचं शेवटचं वर्ष आहे, फोन तिला. कुणी वाईट हेतूनं ठरवलं नाही. मीही 'नाही' म्हटलं नाही. मी माळवदावर कोपऱ्यात जाऊन बसायचे, तिथंच रेंज यायची. आणि ती खाली शेळ्यांचं बघायची.

तिच्या शाळेच्या ग्रुपवर रोज काहीतरी यायचं. पानंच्या पानं यायची, व्हिडिओ यायचे. संध्याकाळी फोन तिच्या हातात यायचा तेव्हा साठ-सत्तर मेसेज साचलेले असायचे आणि नेट संपलेलं असायचं. शिक्षकांनी पाठवलं, त्यांचं काम झालं. पण तिला 'काय कळलं, सांग' असं कुणी विचारलंच नाही. आई घरात होती, पण आईला वाटायचं मोबाइलवर शिकवतायत म्हणजे नीटच शिकवत असतील, आपण काय विचारायचं. मी तर माझ्यातच होते. शाळा उघडल्या, पुन्हा बंद झाल्या, पुन्हा उघडल्या. दहावीत गेली तेव्हा गणितात ती इतकी मागं पडली होती की वर्गात बसायलाच लाजायची. दिवाळीनंतर आई-वडिलांबरोबर उसाला गेली. म्हणाली, "नाहीतर मी नापासच होणार आहे." दहावीच्या परीक्षेचा फॉर्म भरलाच नाही. अठरा पूर्ण झाल्याबरोबर तिचं लग्न झालं.

माझं शिक्षण झालं आणि तिचं सुटलं. यात गरिबीचा वाटा आहे, कोरोनाचा आहे, आणि मी माळवदावरून खाली उतरून फोन तिच्या हातात दिला नाही, याचाही आहे. रडत नाही मी, बसा खाली.

हे मी का सांगितलं? तर फोन घरात एकच असतो तेव्हा तो कुणाला मिळतो, हे आपण ठरवत नाही असं आपल्याला वाटतं. पण ते आपोआप ठरतं. आणि आपोआप ठरलं की मुलीचा नंबर शेवटी लागतो. असर म्हणून एक पाहणी होते, खेड्यापाड्यातल्या मुलांच्या शिक्षणाची. २०२३ मध्ये त्यांनी चौदा ते अठरा वयाच्या मुलामुलींना विचारलं. ज्यांना स्मार्टफोन वापरता येतो, त्यांच्यात स्वतःचा फोन असलेले मुलगे शंभरात जवळपास ४४ आणि मुली २०. मुलीला फोन दिला तर ती बिघडेल, हे आपण सगळ्या बोलतो. मुलगा रात्री एकपर्यंत त्याच फोनवर काय बघतो, हे कुणी बघायला जात नाही.

बरं, भीती अगदीच खोटी आहे असंही मी म्हणणार नाही. अनोळखी माणसाशी ओळख होणं, फोटो मागणं, धमकी देणं, हे आपल्याच तालुक्यात घडतं. मुलीला म्हणायचं, असं काही झालं तर आधी मला सांग, मी तुझा फोन काढून घेणार नाही. हे शेवटचं वाक्य मुलींना फार महत्त्वाचं वाटतं. कारण फोन जाईल या भीतीनंच त्या सांगत नाहीत आणि मग प्रकरण वाढतं. लहान वयात लग्न ठरवतायत, कुणी त्रास देतंय, अशा वेळी मुलांसाठी १०९८ हा नंबर आहे. मुलीनंही लावला तरी चालतो.

आता बायांच्या हातातल्या फोनचं बोलू. २०१९ ते २१ मध्ये देशभर कुटुंबांची आरोग्य पाहणी झाली, त्यात बायांना विचारलं होतं की तुम्ही स्वतः वापरता असा मोबाइल तुमच्याकडं आहे का. शंभरात ५४ बाया 'हो' म्हणाल्या. आपल्या संघात यापेक्षा जास्त असतील. पण स्वतः वापरणं म्हणजे काय? हिरवं बटण दाबून 'हॅलो' म्हणणं, की आपल्याला पडलेला प्रश्न त्याला विचारता येणं?

गेल्या महिन्यात एका गटाच्या बैठकीत मी माझा फोन मध्ये ठेवला. माइकचं चिन्ह दाखवलं आणि म्हटलं, इथं बोट ठेवा आणि तुमच्या मनात येईल ते विचारा. लिहायचं नाही, बोलायचं. पाच मिनिटं कुणी बोलेना. "आमी काय इचारावं?" मग एक मावशी पुढं आल्या, साठीच्या असतील. माइकजवळ तोंड नेऊन, लांब शेतातल्या माणसाला हाक मारावी तशा मोठ्यानं म्हणाल्या, "शेळीला हगवण लागलीय, काय देऊ?" फोननं चक्क लिहिलं, अक्षर न् अक्षर. मावशींना वाचता येत नाही, पण आपलं बोलणं अक्षर होऊन समोर उमटलेलं बघून त्यांनी हात मागं घेतला. "माजं बोलनं ह्ये?" असं तीनदा विचारलं. मग म्हणाल्या, "ह्यातलं 'शेळी' कुठलं?" मी दाखवलं. त्या दिवशी मावशी घरी गेल्या त्या 'शेळी' हा शब्द ओळखायला शिकून. अशी ही शिकवणी. आपलाच शब्द, आपल्याच तोंडचा, समोर लिहिलेला दिसतो. 'क कमळाचा' पेक्षा हे लवकर डोक्यात शिरतं, असा माझा अनुभव आहे.

पण गोष्ट तिथं संपली नाही. फोननं उत्तरादाखल दहा व्हिडिओ समोर आणले. पहिल्यातच एक दादा जोरजोरात सांगत होते की अमुक पावडर अमुक इतकी द्या, एका डोसात बंद. खाली पावडर मागवायचा नंबर. बैठकीतल्या दुसऱ्या ताई म्हणाल्या, मी असंच बघून दिलं होतं, माझी पाट दोन दिवसांत गेली. व्हिडिओमुळं गेली की आजारानं गेली, आता सांगता येणार नाही. पण विचारायला पशुसखी गल्लीतच होती आणि तिला विचारलं नव्हतं, एवढं खरं. तर फोननं सांगितलं म्हणून ते खरं, असं नाही. सांगणारा कोण आहे, तो काही विकतोय का, हे आधी बघायचं. मग आपल्या पशुसखीला विचारायचं किंवा १९६२ वर फोन लावायचा, तो जनावरांच्या दवाखान्याचा नंबर आहे. आता तर फोनला मराठीत विचारलं की तो माणसासारखं बोलून उत्तर देतो. छान बोलतो, पण चुकलं तरी तेवढ्याच ठामपणानं बोलतो. त्यालाही माझ्या आईचं वाक्य लावायचं. कळलं नाही, पुन्हा सांग. थाप असेल तर दुसऱ्या वेळी उत्तर बदलतं, कितीदा तरी बघितलंय मी. पण कधीकधी थाप दुसऱ्यांदाही तीच निघते, म्हणून पशुसखी सोडायची नाही.

आता हिशोब. कॅल्क्युलेटर सगळ्यांच्या फोनमध्ये असतो, बटणाच्या फोनमध्येसुद्धा. मागच्या आठवड्यात एका वस्तीवर आम्ही तो काढून बसलो. समजा टनाला ३६६ रुपये दर धरला आणि एका कोयत्यानं, म्हणजे नवरा-बायकोनं मिळून, दिवसाला दोन टन तोडला, तर किती? बोटानं आकडे दाबले. ७३२. मग एक लाख उचल घेतली असेल तर ती फिटायला किती दिवस? एक लाखाला ७३२ नं भागायचं. म्हणजे माझ्या आईच्या भाकरी. उत्तर आलं १३७ दिवस. एकही खाडा नाही, ताप नाही, पाळी नाही, पाऊस नाही, असे १३७ दिवस. सगळ्या गप्प झाल्या. मग एक ताई म्हणाल्या, "म्हंजी साडेचार महिने तर नुसते फेडन्यातच." दुसऱ्या म्हणाल्या, "आन् ह्यात माजं किती आन् त्यांचं किती?" याचं उत्तर कॅल्क्युलेटरला देता येत नाही. कोयता दोघांचा, पण उचल घेतो गडी आणि सही त्याची. पण प्रश्न तरी पडला ना. इतकी वर्षं उसाला जाणाऱ्या बाईला पहिल्यांदा हा प्रश्न आकड्यानिशी पडला.

म्हणून सांगते, यंदा गाडीचं वजन झालं की काट्याच्या पावतीचा फोटो तुमच्या फोनमध्ये काढून ठेवायचा. नवऱ्याला म्हणायचं, आणा इकडं, फोटो काढते. बटणाचा फोन असेल तर वहीत तारीख आणि आकडा लिहायचा, लिहिता येत नसेल तर लेकराकडून. माझ्या वडिलांच्या अंगावर एका वर्षी मुकादमानं इतकी बाकी काढली की पुढच्या वर्षी पुन्हा त्याच टोळीत जावं लागलं. पावत्या होत्या, पण पावसात भिजून लगदा झालेल्या. तोंडी हिशोबापुढं तोंडच चालतं. फोटो असता तर भांडता तरी आलं असतं.

फसवणुकीचं दोन शब्दांत सांगते, कारण त्याचं वेगळं प्रशिक्षण झालंय. पैसे यायला पिन लागत नाही. पिन टाकला की पैसे जातात. कुणी 'पैसे पाठवलेत, पिन टाका' म्हटलं की फोन ठेवायचा. गेलेच तर लगेच, त्याच तासाला, १९३० वर फोन करायचा. आपल्या एका सदस्याचे मागच्या वर्षी असेच गेले. त्यानंतर काय झालं माहितीय? नवऱ्यानं तिचा फोन काढून घेतला. चोरी कुणी केली आणि शिक्षा कुणाला! तिनं १९३० ला फोन लावायचा तर कुठून लावायचा? असं कुणाच्या घरात झालं तर गटानं त्या घरी जायचं. कर्ज थकल्यावर आपण जातोच की.

लेकरं सोबत नेणाऱ्या ताईंसाठी थोडं. लेकरू नेणारच असाल तर जायच्या आधी शाळेतून शिक्षण हमी पत्रक मागून घ्या आणि त्याचा फोटो काढा. कागद हरवतो, फोटो राहतो. तिथल्या शाळेत हे दाखवून लेकराला बसवता येतं. शाळा 'नाही' म्हणाली तर मला फोन करा, मी बोलते. पुस्तकं ओझं होतात म्हणून आपण घरी ठेवून जातो. बालभारतीची पुस्तकं फोनमध्ये फुकट उतरवून घेता येतात. पुस्तकात ते काळ्या ठिपक्यांचं चौकोनी चिन्ह असतं, ते दीक्षा ॲपनं फोनच्या कॅमेऱ्यात धरलं की त्या धड्याचे व्हिडिओ निघतात, तेही उतरवून ठेवता येतात. हे सगळं इथं, गावात, नेट चांगलं आहे तोवर करायचं. फडात रेंज कुठली आणि चार्जिंग कुठलं! ट्रॅक्टरच्या बॅटरीवर नाहीतर दुकानात पैसे देऊन चार्ज करायचं, त्यात व्हिडिओ शोधत बसणं होत नाही. स्टोरीवीवरवर मराठी गोष्टींची चित्रांची पुस्तकं आहेत, पैसे लागत नाहीत. दहा गोष्टी उतरवून न्या. लेकरू वाचेल, तुम्ही शेजारी बसून चित्रं बघा. चित्रं बघता बघता अक्षरंही बघा.

कारण शिकायचं वय तुमचंही गेलेलं नाही. उल्लास साक्षरता कार्यक्रमात आपल्या काही बायांनी नाव घातलंय. त्याची परीक्षा २०२४ मध्ये १७ मार्चला झाली. मार्च! मार्चमध्ये आपण कुठं असतो? फडात. ज्या बाया वर्षभर आल्या त्यातल्या कितीतरी परीक्षेला नव्हत्या. तारीख ठरवणाऱ्यांना हे कळवायला पाहिजे, तो ठराव आज आपण घेणार आहोतच. पण तोवर फोनवर सराव चालू ठेवता येईल. मी दर बुधवारी रात्री गटाच्या ग्रुपवर एक शब्द बोलून आणि लिहून टाकणार आहे. तुम्ही तो कागदावर लिहून फोटो पाठवायचा. चुकला तरी पाठवायचा. मी 'वाचलं' म्हणून अंगठा दाखवणार नाही, उत्तर देईन. ग्रुपवर सुविचार आणि गुड मॉर्निंगची फुलं कमी आली तर तुमचा शब्द मला सापडेल, एवढी मेहरबानी करा.

माझ्या बहिणीचं काय झालं, असं पुढच्या रांगेतल्या मावशी मघापासून खुणेनं विचारतायत. सांगते. गेल्या वर्षी तिनं बाहेरून दहावीला बसायचा सतरा नंबरचा फॉर्म भरला. फोन नवऱ्याचा. तो आधी हो-ना करत होता, मग म्हणाला, रात्री नऊनंतर घे. ती नऊनंतर गणिताचं पान फोटो काढून मला पाठवायची आणि बोलून विचारायची, "हे समीकरण इथून इकडं का गेलं?" मला कुठं आठवतंय! मी आधी व्हिडिओ बघायचे, समजून घ्यायचे, मग तिला बोलून पाठवायचे. ती ऐकायची आणि पुन्हा मेसेज यायचा, "ताई, कळलं नाही, पुन्हा सांग." कधीकधी रात्रीचे अकरा वाजायचे, मला झोप यायची, राग यायचा. मग मला माळवद आठवायचं आणि मी पुन्हा सांगायचे.

बाकीचे विषय सुटले. गणित राहिलं. पुरवणी परीक्षेलाही थोडक्यात राहिलं. यंदा ती आणि नवरा दोघं कोयत्यावर जाणार आहेत, गणिताचं पुस्तक फोनमध्ये टाकून झालंय, आणि मार्चच्या परीक्षेला चार दिवस गावी यायचं, असं मुकादमाशी तिनं स्वतः बोलून ठेवलंय. मुकादम काय म्हणाला ते विचारू नका.

आता चहा आहे. चहा झाला की उजव्या हाताच्या खोलीत या, तिथं संघाच्या कार्यालयाचं वायफाय आहे. मी आणि दोन सीआरपी ताई बसणार आहोत. मूल कितवीत आहे ते सांगा, पुस्तकं उतरवून देऊ. फोनमध्ये जागा नसेल तर आधी नको असलेले व्हिडिओ काढून टाकू, कुठले काढायचे ते तुम्ही सांगा, मी बघणार नाही. आणि ज्यांच्याकडं बटणाचा फोन आहे त्यांनी शाळेच्या गुरुजींचा किंवा बाईंचा नंबर माझ्याकडून घेऊन फोनमध्ये घालून घ्या. दुसऱ्याला घालायला लावू नका. एक-एक आकडा स्वतः दाबायचा. मी शेजारी उभी राहीन.